पुढचे पान फाटले आहे का?

1996 च्या जूनमध्ये माझ्या चुलत्याने मला आणि माझ्या धाकट्या भावाला नगर जिल्ह्यातील एका मिशन बोर्डिंगच्या ओसरीवर आणून बसवले, कार्यालयातल्या वहीत सही केली, आमच्या हातात बिस्किटांचा एकेक पुडा ठेवला आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून तो लगबगीने निघून गेला. मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ सहा वर्षांचा. आई आदल्या नोव्हेंबरात क्षयाने गेली होती. तिच्यामागे वडिलांनी दारू धरली आणि मे महिन्यात एका रात्री ते रस्त्यावर ट्रकखाली सापडले. चुलत्याचा मला कधी राग आला नाही, कारण त्याच्या घरी आधीच चार मुले होती आणि शेत म्हणावे तर दीड एकर कोरडवाहू.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती होतो. माझ्या पणजोबांचे नाव मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, असे वडील सांगत असत. त्यामुळे देव, प्रार्थना, नाताळ, प्रभुभोजन हे शब्द मला नवे नव्हते. नवे होते ते इतकेच की आता या शब्दांचा काही उपयोग आहे का, हे मला एकटीला ठरवायचे होते. बोर्डिंगमधील माझ्या नऊ वर्षांत ते ठरत गेले आणि त्याविषयीच मी लिहीत आहे. श्रद्धेने पोरक्या मुलांना धीर मिळतो हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. ते खोटे नाही, पण तो धीर ज्या वाटेने मिळतो ती वाट व्यासपीठावरून सहसा सांगितली जात नाही.

आधी जे बोचले ते सांगते. पहिल्या वर्षी आम्हाला भेटणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे आमच्यासाठी एक तयार वाक्य असे. देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात, हे त्यांतले सर्वांत सामान्य. मी ते मनात उलटसुलट करून पाहत असे: मग चुलता चांगला नाही का, आणि आम्हाला आई हवी होती त्याचे काय? देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा पाहतो, हे दुसरे. एका रविवारी उपासनेनंतर बाहेरगावच्या एका वयस्क पाहुण्यांनी, माझ्या वडिलांच्या दारूची हकिकत कोणाकडून तरी ऐकून, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बापाच्या पापाचे फळ लेकरांना भोगावे लागते, म्हणून तू चांगली वाग, असे मला सांगितले. त्या रात्री मी जेवले नाही. त्यांचा हेतू वाईट नसावा, हे आज मी समजू शकते. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात देवाची जी थोडीफार जागा शिल्लक होती, ती त्या एका वाक्याने बंद झाली.

आमच्या मेट्रनबाई वयाने पन्नाशीच्या पुढच्या, विधवा आणि बोलायला तुटक होत्या. मुली त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. मी का जेवले नाही ते त्यांनी दुसऱ्या मुलीकडून काढून घेतले, आणि सकाळी मला भांडारघरात बोलावून योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून दिला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशू सांगतो की याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही. मी ते वाचले. बाईंनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, “वाचलंस ना? पाहुण्यांनी हा अध्याय वाचला नसेल. जा, पेज पिऊन घे.” त्यांनी एवढेच समजावले. माझे आईवडील का मरण पावले, याचे उत्तर त्यांनी दिले नाही; पण एक चुकीचे उत्तर माझ्या छातीवरून उचलून बाजूला ठेवले, आणि तेही त्याच ग्रंथाच्या आधारे, ज्याच्या नावाने ते छातीवर ठेवले गेले होते.

दुसरी अडचण प्रभूच्या प्रार्थनेची होती. रोज सायंकाळी सात वाजता घंटा होई, मुली सतरंज्या टाकून ओळीने बसत, एक गीत होई, बायबलमधले एक स्तोत्र वाचले जाई आणि शेवटी सर्व जणी मिळून ती प्रार्थना म्हणत. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या पहिल्या ओळीलाच माझे तोंड मिटत असे. पिता म्हटले की मला शेवटच्या सहा महिन्यांतले वडील दिसत: उंबऱ्याशी पडलेले, अंगाला वास येणारे, आणि त्यांना पाहून रडणारा माझा भाऊ. पुढे अनेक वर्षे मुलांमध्ये काम करताना मला कळले की ही अडचण माझ्या एकटीची नव्हती. ज्यांना बापाने टाकले किंवा मारले, त्या मुलांना देव पिता आहे ही सुवार्ता आधी धमकीसारखी ऐकू येते, आणि शिकवणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही. बाईंच्या मात्र ध्यानात आले. त्या मला म्हणाल्या, “तो शब्द निघत नाही तर सोड. जिथून म्हणता येईल तिथून म्हण.” मग मी ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ या ओळीपासून म्हणू लागले. ती ओळ मला पटत होती, कारण भाकर खरोखरच मिळत होती. आठवड्यातले पाच दिवस बाजरीची, पातळ आमटीबरोबर, आणि ती थापताना मोठ्या मुलींबरोबर बाई स्वतः चुलीपाशी बसलेल्या असत. प्रार्थनेत मी अशी मधूनच शिरले. पहिल्या ओळीपर्यंत उलटे चालत जायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली.

मात्र माझ्या दृष्टीने खरा बदल घडवला तो स्तोत्रांनी. बाईंचा नियम असा होता की शाळा उघडण्याच्या दिवशी पहिले स्तोत्र वाचायचे आणि तिथून रोज एक, क्रमाने, काहीही न वगळता. एकशे पन्नास संपली की पुन्हा पहिल्यापासून. (119 वे स्तोत्र 176 वचनांचे आहे, ते मात्र बाई तुकडे करून आठवडाभर पुरवत, आणि त्या आठवड्यात वाचणाऱ्या मुलीला सगळ्या जणी हसत.) न वगळण्याचा हा नियम वरवर कोरडा वाटतो, पण त्यामुळेच जे चर्चमध्ये सणासुदीला कधी वाचले जात नाही तेही आमच्या कानांवर पडले. तेराव्यात कवी देवाला विचारतो की तू मला किती काळ विसरून राहणार आहेस. बाविसाव्याची सुरुवातच देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने होते. मी थक्क झाले. देवाशी असे बोललेले चालते? आणि बोललेले नुसते चालते असे नाही, तर ते जपून, लिहून, चामड्याच्या बांधणीत घालून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचले जाते?

सप्टेंबरच्या सुरुवातीला 88 वे स्तोत्र आले आणि त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. बाहेर पाऊस होता, वीज गेलेली होती, आणि मी कंदिलाजवळ बसून वाचत होते. त्या स्तोत्रातला माणूस रात्रंदिवस हाका मारतो, आपण कबरेत टाकलेल्यांसारखे झालो आहोत असे म्हणतो, देवाने आपली प्रिय माणसे दूर केली असे त्याला तोंडावर सांगतो. इतर तक्रारींच्या स्तोत्रांत शेवटी शेवटी ‘तरी मी तुझ्यावर भाव ठेवला आहे’ असे एखादे वळण येते, हे तोवर माझ्या लक्षात आले होते, आणि मी त्या वळणाची वाट पाहत वाचत होते. ते आलेच नाही. स्तोत्र अंधारावर येऊन थांबले. मी विचारले, “बाई, पुढचं पान फाटलंय का?” बाईंनी माझ्या हातून पुस्तक घेतले, पान उलटून मला 89 चा आकडा दाखवला आणि म्हणाल्या, “नाही. ते एवढंच आहे.” मग नेहमीप्रमाणे प्रार्थना झाली आणि आम्ही झोपायला गेलो.

त्या रात्री मी आई गेल्यापासून प्रथमच पोटभर रडले. कोणीतरी माझ्या आधी, हजारो वर्षांपूर्वी, माझ्या जागी उभे राहून हे सगळे देवाला सुनावले होते, आणि त्याला कोणी गप्प केले नव्हते. त्याच्यासाठी कोणी गोड शेवटही जोडला नव्हता. दुःखाचे उत्तर मिळाले असते तर मला त्याच्याशी वाद घालावा लागला असता. इथे वाद घालण्याचीच सोय करून ठेवलेली होती, आणि ती देवाच्याच घरात होती. त्यानंतर मी माझ्या शब्दांत तक्रारी करू लागले. त्या मी इथे लिहिणार नाही; त्यांपैकी काही फार उद्धट होत्या.

थोड्याच दिवसांत पितृपंधरवडा लागला. वर्गातल्या मैत्रिणींच्या घरी पाने वाढली जात होती, कावळ्याला घास ठेवला जात होता, आणि एकीने मला सहज विचारले की तुमच्यात मेलेल्यांचे काय करतात. मला उत्तर देता येईना. मी बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी ईस्टरपर्यंत थांबायला सांगितले. ईस्टरच्या पहाटे, अजून काळोख असताना, आमच्या भागातील मंडळ्या दफनभूमीत जमतात. आधीच्या आठवड्यात कबरी साफ करून चुना लावलेला असतो, त्यांच्यावर मेणबत्त्या लावतात, फुले ठेवतात, नारायण वामन टिळकांची आणि कृष्णाजी सांगळ्यांची गीते म्हणतात, आणि उजाडता उजाडता रिकाम्या कबरेचे वर्तमान वाचले जाते. बाईंनी त्या वर्षी चुलत्याला पत्र घालून आम्हाला गावी पाठवले. आईच्या कबरेवर नावाचा दगड होता. वडिलांची नुसती मातीची वरंब होती आणि तिच्यावर कुसळे माजली होती. चुलत्याने डबाभर चुना कालवून दिला. मी आणि भावाने कडेचे दगड रंगवले, आणि आमचे हात दोन दिवस चरचरत राहिले. वडिलांसाठी काहीतरी करता येते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. त्यांच्यावरचा राग गेला असे मात्र मी म्हणणार नाही. पुनरुत्थानावरचे पाळकसाहेबांचे प्रवचन मला आठवत नाही, पण चुन्याची ती आग अजून आठवते.

आठवीत असताना आमची सहल केडगावला गेली, म्हणजे दौंडहून पुण्याच्या बाजूला, पंडिता रमाबाईंनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशनमध्ये. रमाबाईंचे नाव पाठ्यपुस्तकात होते; पण तिथे जाण्याआधी बाईंनी त्यांचे लहानपण आम्हाला तपशिलात सांगितले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे पायी हिंडत वाढली, दक्षिणेतल्या दुष्काळात उपाशीपोटी भटकताना किशोरवयातच तिचे वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली, पुढे भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच 1882 मध्ये पती पटकीने दगावला. ख्रिस्ती श्रद्धा तिच्या वाट्याला नंतर आली. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. 1889 मध्ये मुंबईत तिने विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि 1896-97 च्या दुष्काळात ती स्वतः मध्य प्रांतात जाऊन भुकेने सुकलेल्या मुली घेऊन आली, कारण ती भूक तिला आतून ठाऊक होती. त्या मुलींना आधी अन्न, मग कपडे, मग अक्षरे आणि मग हाताला काम मिळाले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे केडगावच्या छापखान्यात याच मुलींनी जुळवले.

ही गोष्ट बहुतेक वेळा विजयाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातली एक तारीख सोडवेना. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती त्यांना हे सारे काम सोपवायचे होते, ती 1921 मध्ये वारली, आणि रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. शेकडो पोरक्या मुलींना जिने आसरा दिला तिची लेक तिच्या डोळ्यांदेखत गेली. म्हणजे देवाशी सौदा नसतो. चांगले केले म्हणून पुढचे दुःख माफ होत नाही. केडगावच्या आवारात फिरताना मला वाटले होते की हे कळल्यावर माझा विश्वास उडेल, पण झाले उलटेच. वडिलांच्या वाईट वागण्यामुळे आई गेली, किंवा मी नीट प्रार्थना केली नाही म्हणून वडील गेले, असले जे हिशेब मी अजून मनाच्या एका कोपऱ्यात मांडत होते, ते तिथे थांबले.

हे सर्व माझ्या बाबतीत घडले. माझ्या भावाच्या बाबतीत घडले नाही. तोच बोर्डिंग, तीच घंटा, तीच स्तोत्रे मुलग्यांच्या विभागातही होती. पण तिथले वाचन भराभर उरकले जाई आणि चुकले की छडी मिळे. चौदाव्या वर्षी तो पळून गेला. आज तो पुण्यात टेम्पो चालवतो, मनाने चांगला आहे, आणि चर्चची पायरी चढत नाही. ‘तुला बाई मिळाल्या,’ एवढेच तो मला म्हणतो. त्याचे बरोबर आहे. श्रद्धा पोरक्या मुलापर्यंत पुस्तकातून सरळ चालत येत नाही. ती कोणाच्या तरी हातातून येते, आणि तो हात कसा आहे यावर ती काय बनते हे ठरते.

शिक्षण संपवून मी त्याच कामात आले, आणि गेली बारा वर्षे एका बालगृहात गृहमाता आहे. आता सारे 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार चालते. मूल चुलत्याच्या सहीने येत नाही, बालकल्याण समितीच्या आदेशाने येते, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे अर्ध्याहून अधिक मुले ख्रिस्ती नाहीत. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती अभ्यासिकेत बसतात, आणि त्यांना प्रार्थनेला बसवून घ्यावे असे कोणी सुचवले तर मी विरोध करते. भाकरीच्या बदल्यात घेतलेली प्रार्थना, माझ्या मते, प्रार्थना नव्हे.

2021 च्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन भावंडे आली, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, अकरा दिवसांच्या अंतराने त्यांचे वडील आणि आई गेली. कुटुंब ख्रिस्ती होते. राज्य सरकारची पाच लाखांची मुदत ठेव, पंतप्रधान निधीतून मिळणारे दहा लाख, यांची कागदपत्रे आम्ही सहा महिन्यांत पुरी केली. मुलांना मात्र आपले आईवडील मेले आहेत हेच पुरते कळले नव्हते, कारण त्यांनी काहीच पाहिले नव्हते. रुग्णवाहिका गेली ती गेली. दफन अंगभर पांढरे पोशाख घातलेल्या माणसांनी केले. घरचे एकच माणूस, तेही लांब, रस्त्यावर उभे होते. मुलगा आत्याच्या जुन्या फोनवरचा आईचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत असे: ‘दूध पिऊन घ्या, मी उद्या फोन करते.’ मुलगी बोलतच नव्हती.

मी बाईंची पद्धत वापरली, आणि ती चालली नाही, हे कबूल केले पाहिजे. मुलगी स्तोत्रे ऐकताना खिडकीबाहेर पाहत असे. तेराव्याला मी तिच्याकडे आशेने पाहिले, बाविसाव्याला पाहिले, आणि 88 व्याला तर अगदी टक लावून पाहिले; तिने जांभई दिली. माझे औषध तिचे असलेच पाहिजे असे मी धरून चालले होते, आणि त्या जांभईने मला माझी जागा दाखवली. मग मी नुसती तिच्या शेजारी बसू लागले. तिला सातची घंटा वाजवायला आवडते असे दिसले, म्हणून ते काम तिला दिले.

2022 मध्ये उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 15 एप्रिलला होता. दुपारी बारा ते तीन या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. उकाड्याने लहान मुले पेंगलेली होती. चौथ्या उद्गारावर, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ यावर बोलणारे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी फार साधेपणाने सांगितले की खिळलेल्या माणसाला शरीराच्या भाराने श्वास घेणे कठीण होत जाते, प्रत्येक शब्दासाठी त्याला जखमी पायांवर जोर देऊन वर उचलावे लागते, म्हणून ही वाक्ये इतकी छोटी आहेत. माझ्या शेजारी बसलेली मुलगी ताठ झाली. वर्षभरात तिने माझ्याकडे पाहून उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य होते. ती म्हणाली, “मावशी, म्हणजे त्यालाही श्वास घेता येत नव्हता?”

मी हो म्हटले. ती म्हणाली, “पप्पांसारखं.” मी पुन्हा हो म्हटले. पुढचे तीन उद्गार तिने माझा पदर मुठीत धरून ऐकले. मी स्वतः पस्तिशीला आलेली बाई, शेकडो वेळा तो प्रसंग ऐकलेली. पण ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी दोन रात्री फिरलेल्या घरातल्या मुलीने तो जसा ऐकला तसा मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी पहाटे आम्ही त्यांच्या गावच्या दफनभूमीत गेलो. 2021 च्या कबरी एका कडेला, एकाच आकाराच्या, बिननावाच्या होत्या. त्यांच्या आईवडिलांच्या कबरी कोणत्या, हे खड्डे खणणाऱ्या म्हाताऱ्या काकांना आठवत होते. त्यांनी कंदील धरून दोन वरंबे दाखवले, शेजारी शेजारी नव्हे, मध्ये एक तिसऱ्याची सोडून. मुलाकडे एकच मेणबत्ती उरली होती, कारण दुसरी त्याने वाटेत मोडली होती. कोणाजवळ लावावी यावर दोघांचे थोडे भांडण झाले. शेवटी मुलीने ती मधल्या, अनोळखी माणसाच्या कबरेवर लावली, म्हणजे दोन्हीकडे उजेड जाईल. वारा सुटला होता. तिने ओंजळीने आडोसा केला आणि गीत संपेपर्यंत ती तशीच उकिडवी बसून राहिली.

उजाडल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी मंडळीने चहा आणि पाव वाटला. आजूबाजूच्या पांढऱ्याशुभ्र कबरी पाहत मुलाने विचारले, “मावशी, पुढच्या वर्षी आपण चुना आणायचा का?”

मी म्हटले, “आणू.”

“तीन डबे लागतील,” मुलगी म्हणाली. “मधल्यालापण लावायला हवा.”